ट्रॉट्स्कीची जात

आमच्या अभ्यासमंडळात दर रविवारी सात-आठ जण जमतात. दोन शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि बाकीची महाविद्यालयात शिकणारी मुले. गेल्या पावसाळ्यात आम्ही रशियन क्रांतीविषयी वाचायला घेतले. पहिल्याच बैठकीत एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, ट्रॉट्स्की ज्यू होता, म्हणून त्याला रशियावर सूड उगवायचा होता, हे खरे आहे का?" मी चमकलो. हे कोठे वाचलेस, असे विचारले तेव्हा तो म्हणाला, "वाचले नाही सर, पाहिले." त्याने 'ट्रॉट्स्की' नावाची रशियन मालिका मोबाईलवर पाहिली होती. मग मीही ती मिळवली आणि तीन रात्री बसून तिचे आठही भाग पाहिले. हे लिखाण म्हणजे त्या मुलाला द्यावयाचे उत्तर आहे. बैठकीत ते मला नीट देता आले नव्हते.

प्रथम या मालिकेचे कूळ सांगतो. रशियन शासनाच्या नियंत्रणाखालील 'चॅनेल वन' या वाहिनीवर ६ नोव्हेंबर २०१७ पासून ती दाखवली गेली. या वाहिनीचे प्रमुख कॉन्स्टँटिन एर्न्स्ट हेच तिचे एक निर्माते. दिग्दर्शन अलेक्झांडर कोट व कॉन्स्टँटिन स्तात्स्की यांचे, आणि ट्रॉट्स्कीची भूमिका कॉन्स्टँटिन खाबेन्स्की या नामवंत नटाने केलेली. पुढे नेटफ्लिक्सने ती जगभर नेली, म्हणून ती मराठवाड्यातल्या एका वसतिगृहापर्यंत पोचली. मालिका दिसायला देखणी आहे, अभिनय उत्तम आहे, पैसा भरपूर ओतलेला आहे. ती कंटाळवाणी असती तर मी तिच्यावर एक ओळही खर्च केली नसती.

तारीख पाहा. ७ नोव्हेंबर २०१७ रोजी ऑक्टोबर क्रांतीला शंभर वर्षे झाली. ज्या देशात ही क्रांती झाली त्या देशाच्या शासनाने शताब्दीचा मोठा सरकारी सोहळा केला नाही. ७ नोव्हेंबरची सुट्टी त्याआधीच रद्द झालेली होती आणि २००५ पासून तिच्या जागी ४ नोव्हेंबरचा 'राष्ट्रीय एकता दिन' आला होता. सोहळा नाही, सुट्टी नाही, पण पडद्यावर मात्र दोन मालिका. एका सरकारी वाहिनीवर ट्रॉट्स्की आणि दुसऱ्या सरकारी वाहिनीवर, त्याच आठवड्यात, लेनिन व पार्वुस यांच्यावरची 'क्रांतीचा राक्षस' या अर्थाच्या नावाची मालिका. मला असे वाटते की, शासनाला एखादी घटना विसरायला लावता येत नसेल, तर ते ती घटना आपल्या शब्दांत सांगू लागते. या दोन मालिका म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या क्रांतीविषयी आजच्या सत्तेने दिलेली साक्ष आहे. साक्ष कोणत्या शब्दांत दिली आहे, हे तपासणे समीक्षेचे काम आहे.

मालिकेची रचना अशी आहे. १९४० साल, मेक्सिको. हद्दपार झालेला, म्हातारा होत चाललेला ट्रॉट्स्की जॅक्सन नावाच्या एका पत्रकाराला मुलाखत देतो. या मुलाखतीतून त्याचे आयुष्य मागे-पुढे उलगडत जाते. हा जॅक्सन कोण? इतिहासात तो पत्रकार म्हणून प्रश्न विचारायला आलेला माणूस नव्हता. त्याचे खरे नाव रामोन मेर्कादेर. तो स्पॅनिश कम्युनिस्ट आणि स्तालिनच्या गुप्त पोलिसांचा हस्तक. कॅनडाच्या खोट्या पासपोर्टावर, जॅक्सन या नावाने, ट्रॉट्स्कीच्या वर्तुळातील एका तरुणीशी प्रेमाचे नाटक करून तो त्या घरात शिरला. २० ऑगस्ट १९४० रोजी, एक लेख तपासून घेण्याच्या निमित्ताने, त्याने बर्फ फोडण्याची कुऱ्हाड ट्रॉट्स्कीच्या डोक्यात घातली. दुसऱ्या दिवशी ट्रॉट्स्की मेला. मेर्कादेरने मेक्सिकोत वीस वर्षे तुरुंगवास भोगला, आणि सुटल्यावर सोव्हिएत शासनाने त्याला 'सोव्हिएत संघाचा वीर' हा किताब दिला.

अशा माणसाला या मालिकेने प्रश्न विचारण्याच्या खुर्चीत बसवले आहे. तू इतकी माणसे का मारलीस, असे खुनी विचारतो आणि मरणारा उत्तर देतो. शेवटी तर ट्रॉट्स्कीच त्याला डिवचतो, चिथावतो, आणि मग घाव बसतो. पाहणाऱ्याच्या मनावर ठसते ते असे की, हा माणूस स्वतःच मरण मागत होता. एका सत्तेने दुसऱ्या खंडात माणूस पाठवून करविलेला खून येथे जवळजवळ आत्महत्या होऊन जातो आणि स्तालिनच्या हाताला रक्त लागत नाही.

आपल्या वाचकांना ही रीत नवी वाटू नये. अत्याचार झाला की मेलेल्याच्या चारित्र्याची चौकशी सुरू होते, हे आपण किती वेळा पाहिले आहे! २००६ साली खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली, तेव्हा पहिली कुजबूज कशाची होती? मारणाऱ्या जमावाची नव्हती, मेलेल्या बाईच्या वागणुकीची होती. खुनाला कारण हवे असते, आणि ते कारण नेहमी मेलेल्याच्या झोळीतून काढले जाते. रशियातील सरकारी वाहिनी आणि आपल्या गावातील पार यांच्यात हजारो मैलांचे अंतर आहे, पण चौकशीची ही तऱ्हा दोन्हीकडे एकच आहे.

आता त्या विद्यार्थ्याच्या मूळ प्रश्नाकडे येतो. मालिकेत ट्रॉट्स्कीचे ज्यू असणे पुनःपुन्हा समोर आणले जाते. तो स्वतः बोलतो, इतर बोलतात, शत्रू बोलतात. एखाद्या माणसाच्या जन्माचा उल्लेख करणे गैर नाही. जन्माने त्याच्यावर काय लादले हे सांगायचे असेल, तर तो केलाच पाहिजे. पण उल्लेख करणे वेगळे आणि जात काढणे वेगळे. आपल्या भाषेतला हा शब्दप्रयोग फार नेमका आहे. एखाद्याने वाद घातला, हक्क मागितला, वर चढला की समोरचा त्याच्या मुद्द्याला उत्तर देत नाही, त्याची जात काढतो. या मालिकेने ट्रॉट्स्कीची जात काढली आहे. क्रांती का झाली, या प्रश्नाचे उत्तर ती अर्थव्यवस्थेत, युद्धात, भुकेत शोधत नाही. एका उपऱ्या, दुखावलेल्या, वासनांध, सत्तापिपासू माणसाच्या रक्तात ती ते शोधते, आणि त्याच्या पाठीशी पार्वुसच्या हाताने आलेला परदेशी पैसा उभा करते.

हे चित्र २०१७ साली नव्याने काढलेले नाही. १९१९ साली, यादवी युद्धाच्या काळात, क्रांतिविरोधी श्वेत सेनेच्या प्रचारखात्याने एक भित्तिचित्र छापले होते. त्यात क्रेमलिनच्या तटावर तांबड्या अंगाचा, नागडा, राक्षसी ट्रॉट्स्की बसलेला आहे. गळ्यात तारा आहे आणि खाली कवट्यांचा ढीग आहे. चेहरा मुद्दाम 'ज्यू' म्हणून ओळखू येईल असा काढलेला. क्रांती हा ज्यूंचा कट आहे, हे निरक्षर शेतकऱ्यालाही एका नजरेत कळावे म्हणून ते चित्र होते. काळ्या कातडी कोटातला, चिलखती आगगाडीतून मृत्यूसारखा हिंडणारा या मालिकेतला ट्रॉट्स्की मला त्या भित्तिचित्राचा नातू वाटतो. अंगावर कपडे आले आहेत आणि छायाचित्रण सुंदर झाले आहे, एवढाच फरक.

मग त्याचा जन्म त्याच्यावर खरोखर काय लादत होता? लेव्ह ब्रॉन्स्टाइन १८७९ साली दक्षिण युक्रेनमधील यानोव्का या खेड्यात एका ज्यू शेतकऱ्याच्या घरी जन्मला. बाप स्वतः अक्षरशत्रू, पण कष्टाने जमीनदार झालेला. घर खाऊनपिऊन सुखी होते. तथापि झारच्या राज्यात ज्यूंनी कोठे राहावे, याचा पट्टा ठरलेला होता. १८८२ च्या कायद्यांनी खेड्यात नव्याने वस्ती करण्यावर व जमीन घेण्यावर बंधने आली. १८८७ च्या आदेशाने माध्यमिक शाळांत व विद्यापीठांत ज्यूंच्या जागांवर मर्यादा घातली गेली. त्या पट्ट्यात दहा टक्के, पट्ट्याबाहेर पाच टक्के आणि दोन्ही राजधान्यांत तीन टक्के. लहानगा लेव्ह ओडेसाच्या शाळेत गेला तेव्हा या टक्क्यांमुळे त्याला थेट पहिल्या वर्गात प्रवेश मिळाला नाही. एक वर्ष त्याला पूर्वतयारीच्या वर्गात काढावे लागले.

येथे आपल्या विद्यार्थ्यांनी थोडे थांबावे. टक्का हा शब्द ऐकला की आपल्याकडे लगेच आरक्षण आठवते. ते टक्के मात्र दार उघडण्यासाठी नव्हते, दार लावण्यासाठी होते. अमुक इतक्यांना तरी घ्याच, असा आपला नियम. अमुक इतक्यांहून जास्त घेऊ नका, असा झारचा नियम. एकाच गणिती चिन्हाने समतेचेही काम करता येते आणि बहिष्काराचेही. ट्रॉट्स्कीच्या बालपणातील ही गोष्ट मालिकेला तिच्या कथेचा कणा करता आली असती. पण कायदा दाखवला की शासन दिसू लागते. जखम तेवढी दाखवली की फक्त जखमी माणसाचा संताप दिसतो, आणि मग तो संताप हाच रोग आहे असे म्हणता येते.

तीच गोष्ट पोग्रोमची, म्हणजे ज्यू वस्त्यांवरील सामूहिक हल्ल्यांची. १९०५ च्या ऑक्टोबरात एकट्या ओडेसा शहरात चारशेहून अधिक ज्यू मारले गेले. पुढे यादवी युद्धात युक्रेनमध्ये हजारोंनी ज्यू कापले गेले. त्यात श्वेत सेनेचा, युक्रेनी राष्ट्रवादी फौजांचा व लुटारू टोळ्यांचा हात मोठा होता आणि लाल सेनेच्या काही तुकड्यांनीही तो गुन्हा केला. १९१३ साली कीव्हमध्ये बेलिस नावाच्या ज्यू कामगारावर धार्मिक विधीसाठी ख्रिस्ती मुलाचा खून केल्याचा बनावट खटला उभा राहिला, तेव्हा ट्रॉट्स्कीने त्यावर लिहिले. १९१७ साली लेनिनने त्याला गृहखाते देऊ केले, तेव्हा आपल्या ज्यू जन्माचे हत्यार शत्रूच्या हाती द्यायचे नाही, असे सांगून त्याने ते नाकारले. सूड घ्यायला निघालेला माणूस गृहखाते, म्हणजे पोलीस, नाकारीत नाही. त्या विद्यार्थ्याला मी एवढे एकच उत्तर दिले असते तरी पुरले असते.

मालिकेतला दुसरा एक प्रसंग मला फार बोलका वाटला. ओडेसाच्या तुरुंगात कोवळ्या ब्रॉन्स्टाइनला ट्रॉट्स्की नावाचा तुरुंगाधिकारी भेटतो. माणसांवर सत्ता कशी गाजवावी, भीती हे कसे साधन आहे, याचा जणू पहिला धडा तो त्याला देतो. पुढे हा कैदी त्याचेच नाव घेतो. ओडेसातील एका तुरुंगरक्षकाचे नाव त्याने खोट्या पासपोर्टावर घातले, हे खरे आहे. पण त्याचे राजकीय शिक्षण कोणी केले? स्वतः त्याने आत्मचरित्रात सांगितले आहे ते ऐका. १८९७ साली निकोलायेव्ह या बंदराच्या शहरात त्याने व मित्रांनी कामगारांची संघटना उभारली. तेथे मुखिन नावाचा एक वीजकामगार होता. हा मुखिन टेबलावर घेवड्याचे दाणे मांडून क्रांती समजावून सांगे. मधला दाणा झार, भोवती मंत्री, सेनापती, सरदार, आणि बाहेर सामान्य जनता. मग हात फिरवून तो सगळे दाणे एकत्र मिसळी आणि विचारी की, सांगा, आता झार कोणता?

मुखिनकडून तो शिकला असे ट्रॉट्स्की सांगतो, आणि तुरुंगाधिकाऱ्याकडून शिकला असे सरकारी मालिका सांगते. माझ्या मते सबंध मालिकेचे वर्म या एका फरकात आहे. सत्तेला असे सांगायचे आहे की, सत्तेविरुद्ध उठणारा माणूससुद्धा सत्तेचाच चेला असतो. मग कामगाराच्या टेबलावरच्या त्या दाण्यांना कथेत जागा राहत नाही.

स्त्रियांचेही तेच झाले आहे. अलेक्सांद्रा सोकोलोव्स्काया ही त्याची पहिली पत्नी. तो अजून मार्क्सवादाची टर उडवीत होता तेव्हा ती मार्क्सवादी होती. पुढे स्तालिनच्या राजवटीत ती मारली गेली. लारिसा राइस्नर ही लेखिका, पत्रकार, १९१८ च्या व्होल्गा आघाडीवर प्रत्यक्ष लढलेली स्त्री. मालिकेत ती आगगाडीतल्या शय्येवर दिसते. तिची लेखणी दिसत नाही, तिचे युद्ध दिसत नाही, शरीर मात्र दिसते. स्त्रीच्या कर्तृत्वाचे असे शरीरात रूपांतर करणे आपल्या वाङ्मयालाही अनोळखी नाही.

आणि सर्वांत मोठी अनुपस्थिती लोकांची. १९०५ च्या क्रांतीची लाट कशी उसळली, ही गोष्ट ज्यांनी छापखाना पाहिला आहे त्यांना विशेष आवडेल. मॉस्कोत सितिन यांच्या छापखान्यात खिळे जुळवणारे कामगार सप्टेंबर १९०५ मध्ये संपावर गेले. त्यांची मागणी काय होती? कामाचे तास कमी करा आणि हजार अक्षरांचा जो दर देता तो देताना विरामचिन्हेही मोजा. स्वल्पविराम जुळवायला कष्ट पडतातच की! तो संप छापखान्यांतून पसरला, रेल्वेत गेला, आणि झाला सार्वत्रिक संप. झारला जाहीरनामा काढून काही हक्क मान्य करावे लागले. स्वल्पविरामाच्या मजुरीतून सिंहासन हलले, ही गोष्ट ट्रॉट्स्कीने स्वतः मोठ्या प्रेमाने लिहून ठेवली आहे. १९१७ च्या फेब्रुवारी क्रांतीची ठिणगीही कोणा नेत्याने टाकलेली नाही. पेत्रोग्रादच्या व्हिबोर्ग भागातील कापड गिरण्यांतील बाया आंतरराष्ट्रीय महिला दिनी संप करून रस्त्यावर आल्या, तेथून ती पेटली. ट्रॉट्स्की तेव्हा न्यूयॉर्कमध्ये होता आणि लेनिन झुरिचमध्ये. मालिकेत मात्र गर्दी ही नुसती गर्दी आहे. भाषण झाले की ती ओरडते, गोळी झाली की पडते. तिला चेहरा नाही, मागणी नाही, मजुरीचा हिशेब नाही.

ट्रॉट्स्कीला पडद्यावरून हाकलण्याची गोष्ट तर फार जुनी आहे. क्रांतीच्या दहाव्या वर्धापनदिनासाठी आयझेनस्टाइन 'ऑक्टोबर' हा चित्रपट करीत होता. तेवढ्यात पक्षातील लढाईत ट्रॉट्स्की हरला आणि चित्रपटातील त्याची दृश्ये कापावी लागली. ५ मे १९२० रोजी मॉस्कोत लेनिन व्यासपीठावरून बोलतो आहे, शेजारी पायऱ्यांवर ट्रॉट्स्की उभा आहे, असे एक प्रसिद्ध छायाचित्र आहे. पुढे छापल्या गेलेल्या प्रतींत पायऱ्या आहेत, माणूस नाही. म्हणजे १९१९ मध्ये राक्षस, नंतरची कित्येक दशके अदृश्य, आणि २०१७ मध्ये पुन्हा राक्षस. शासने बदलली, झेंडे बदलले. या माणसाचा एक माणूस म्हणून हिशेब करण्याची तयारी मात्र यांपैकी कोणत्याही सत्तेच्या पडद्याने दाखवली नाही. ट्रॉट्स्कीचे नातू एस्तेबान व्होल्कोव मे १९४० मध्ये त्या मेक्सिकोतील घरावर झालेल्या पहिल्या हल्ल्यात, लहान वयात, स्वतः जखमी झाले होते. या मालिकेचा जाहीर निषेध करण्याची वेळ त्यांच्यावर म्हातारपणी आली. २०२३ साली ते वारले.

येथे कोणी म्हणेल, म्हणजे तुम्ही ट्रॉट्स्कीचे वकीलपत्र घेतले. तसे मुळीच नाही. मार्च १९२१ मध्ये क्रोन्श्ताटच्या खलाशांनी गुप्त मतदानाने सोव्हिएतांच्या नव्या निवडणुका मागितल्या, कामगार-शेतकऱ्यांना भाषणस्वातंत्र्य मागितले. हेच खलाशी १९१७ साली क्रांतीचा अभिमान होते. त्यांचे बंड रक्तात बुडवले गेले तेव्हा ट्रॉट्स्की युद्धखात्याचा प्रमुख होता, आणि त्या दडपणुकीची राजकीय जबाबदारी त्याने पुढे नाकारली नाही. मजुरांना लष्करी शिस्तीत जुंपण्याची योजनाही त्याचीच. याची चिकित्सा झाली पाहिजे, आणि ती कठोर झाली पाहिजे. पण कोणाच्या बाजूने? खलाशांच्या बाजूने उभे राहून जो क्रोन्श्ताट आठवतो त्याचा टीकेचा हक्क मी मान्य करतो. या मालिकेला हिंसा दाखवायची आहे ती उठाव या कल्पनेचीच दहशत बसावी म्हणून. बंड कराल तर असा राक्षस जन्मेल, तेव्हा आहे त्या राज्यकर्त्याच्या छायेत निमूट राहा, हा तिचा उपदेश आहे.

बाबासाहेबांनी १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात रानड्यांवर जे व्याख्यान दिले, ते या संदर्भात प्रत्येकाने पुन्हा वाचावे. इतिहास केवळ थोर माणसे घडवतात, हे मत त्यांनी आंधळेपणाने स्वीकारले नाही, आणि इतिहास केवळ परिस्थिती घडवते, माणसाला त्यात जागाच नाही, हेही त्यांनी मानले नाही. माणूस इतिहास घडवतो, म्हणूनच त्याला तपासले पाहिजे आणि म्हणूनच त्याची पूजा करता कामा नये, अशी त्यांची भूमिका होती. कम्युनिस्टांच्या हुकूमशाहीविषयीचा आपला आक्षेप त्यांनी १९५६ साली काठमांडूच्या भाषणात स्पष्ट मांडला. पण तो मांडताना त्यांनी मार्क्सची जात काढली नाही. त्याचा विचार घेतला, त्यातले काय टिकले आणि काय गळाले याचा हिशेब केला, आणि बुद्धाच्या विचाराशी तो ताडून पाहिला. विरोध कसा करावा, याचा हा वस्तुपाठ आहे. मालिकेचे निर्माते ट्रॉट्स्कीच्या विचारापर्यंत पोचतच नाहीत, ते त्याच्या रक्तापाशी आणि बिछान्यापाशी थांबतात.

तरीही ट्रॉट्स्कीच्या आयुष्यात आपल्यासाठी एक कडू धडा आहे, आणि तो मालिकेने अजाणता समोर आणला आहे. ट्रॉट्स्की आयुष्यभर सांगत राहिला की, माझी ओळख ज्यू ही नाही, मी आंतरराष्ट्रीय समाजवादी आहे. वर्ग मिटला की हे सगळे मिटेल, हा त्याचा विश्वास होता. पण १९२६ साली त्यालाच बुखारिनला पत्र लिहून विचारावे लागले की, मॉस्कोत आपल्याच पक्षाच्या शाखांत ज्यूविरोधी प्रचार चालतो, हे शक्य आहे का? १९३७ साली त्याने या विषयावर सविस्तर लेख लिहिला, पण तोवर तो देशाबाहेर फेकला गेला होता. त्याने आपला जन्म सोडला, पण जन्माने त्याला सोडले नाही. श्वेत सेनेने सोडला नाही, स्वतःच्या पक्षातल्या लोकांनी सोडला नाही, आणि मेल्यावर सत्त्याहत्तर वर्षांनी दूरदर्शनच्या पडद्यानेही सोडला नाही.

माझे वडील मुंबईच्या एका गिरणीत रिंगखात्यात होते. लाल बावट्याच्या सभांना ते नेमाने जात. आमच्या चाळीत येणारे कॉम्रेड म्हणत, "आम्ही जात मानीत नाही." ते खोटे बोलत नव्हते. पण धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या थुंकीने विटाळ होतो म्हणून मुंबईच्या गिरण्यांत विणकामाचे खाते, जेथे पगार जास्त तेथेच, आमच्या लोकांना बंद राहिले. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला, तेव्हा कामगार-एकजुटीच्या नेत्यांना तो अडचणीचा वाटला. मी जात मानीत नाही, असे म्हटल्याने जात जात नाही. ती धोट्यात असते, धाग्यात असते, आणि वेळ आली की कोणीतरी ती काढतो. १९३६ साली 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात बाबासाहेबांनी समाजवाद्यांना हेच बजावले होते. रशियातला पुरावा त्या इशाऱ्याला बळकटी देतो, हे आपल्या डाव्या मित्रांनी रागावून न जाता पाहावे.

आता शेवटचे. ही मालिका एका नेत्याला राक्षस करते म्हणून आपण तिच्यावर रागावतो. उद्या एखादे शासन आपल्या नेत्यावर मालिका काढील, त्याला देव करील, पार्श्वसंगीत लावील, फुले उधळील. तेव्हाही आपण हेच प्रश्न विचारणार आहोत का? या कथेत प्रश्न विचारण्याची खुर्ची कोणाला दिली आहे? नेत्याचा विचार कोठे आहे? १९२७ साली महाडच्या तळ्यावर ओंजळ भरून पाणी प्यायलेली, आणि परतताना मार खाल्लेली हजारो माणसे चेहऱ्यासकट दिसतात, की नुसती गर्दी म्हणून दिसतात? राक्षस करणे आणि देव करणे यांत सत्तेला दोन्हीकडून लाभ एकच होतो. ज्यांनी दाणे मिसळले ते हात दिसेनासे होतात.

त्या विद्यार्थ्याला मी पुढच्या रविवारी एवढेच सांगितले की, ट्रॉट्स्की ज्यू होता हे खरे, आणि त्यामुळे त्याला काय सोसावे लागले हेही खरे. पण त्याने काय केले, बरोबर काय आणि चूक काय, याचा निवाडा त्याच्या कृतीवरून आणि लिखाणावरून करायचा. जन्मावरून निवाडा करण्याची रीत कोणाची आहे, हे तुला-मला कोणी शिकवायला नको. त्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला, आणि मग म्हणाला, "सर, ते स्वल्पविरामाचे कोठे वाचायला मिळेल?"

मी त्याला पुस्तक दिले आहे. ते वाचून झाल्यावर तो मंडळात त्यावर बोलणार आहे.